भंगारवाला फायबर घेत नाही

पनवेलजवळ सुकापूरला आमच्या इमारतीच्या मागे, पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्या बेचक्यात, एक फायबरचा पत्रा उभा करून ठेवला आहे. पार्किंगवर होता तेव्हा हिरवा होता. वाऱ्यात तडकला म्हणून खाली उतरवला, त्याला तीन पावसाळे झाले. आता रंग उडून पांढुरका झालाय आणि वरचा थर झिजून आतले काचेचे तंतू केसांसारखे वर आलेत. चुकून हात लागला तर कोपरापर्यंत खाज सुटते.

माथेरान रोडवरून दर रविवारी भंगारवाल्याची हातगाडी आत वळते. तो लोखंड घेतो, रद्दी घेतो, फुटक्या बादल्या, मेलेल्या बॅटऱ्या, गंजलेला कूलर घेतो. या पत्र्याकडे बघत नाही. फुकट ने म्हटलं तरी नको म्हणतो. त्याचं बरोबर आहे. तूप थिजलं तर पुन्हा वितळवता येतं, तळलेल्या चकलीचं पुन्हा पीठ होत नाही. बादलीचं प्लास्टिक तुपाच्या जातीचं, फायबरमधलं रेझिन चकलीच्या. काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, तिच्यावर हार्डनर घातलेलं रेझिन ओतायचं, रोलर फिरवायचा. एकदा ते घट्ट झालं की वितळायचं नाव नाही. जाळलं तर धूर आणि काच मागे उरते. पुरलं तर जसंच्या तसं राहतं.

हा लेख पवनचक्क्यांच्या पात्यांबद्दल आहे, आणि पवनचक्कीचं पातं म्हणजे या पत्र्याचा श्रीमंत भाऊ. रेझिन जास्त चांगलं, बहुधा इपॉक्सी. काच जास्त शिस्तीत, एका दिशेनं ओढलेली. मधे हलक्या लाकडाचा किंवा फोमचा गाभा. पण जात तीच.

भारतात पवनचक्क्यांच्या पहिल्या रांगा १९८६ साली किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. आपल्याकडे रत्नागिरीत, गुजरातेत ओख्याला, तमिळनाडूत तुतिकोरीनला. ५५ किलोवॅटची यंत्रं, पातं सात-आठ मीटरचं; एका ट्रकमध्ये मावेल असं. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी साताऱ्याची पठारं भरत गेली. वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर. पुण्यातून कारभार करणारी सुझलॉन १९९५ साली सुरू झाली होती आणि तिची ३५० किलोवॅटची यंत्रं या सड्यांवर रांगेनं लागली. पुढे सांगलीकडे ढालगाव, धुळ्याकडे साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल. गावचे लोक त्यांना सरळ पंखे म्हणतात. आज राज्यात ५,००० मेगावॅटहून जास्त पंखे फिरतात, आणि नव्या यंत्रांचं एकेक पातं ७० मीटरच्या पुढे गेलंय.

पात्यांच्या वजनाचा एक ढोबळ हिशेब या क्षेत्रात वापरतात: एका किलोवॅटमागे साधारण १० किलो. म्हणजे महाराष्ट्राच्या डोंगरांवर माझ्या पत्र्याच्या जातीचा माल आहे सुमारे ५०,००० टन. पंख्याचं आयुष्य २० ते २५ वर्षं धरतात. साताऱ्यातल्या पहिल्या रांगांचं ते भरलंच आहे. केंद्र सरकारनं जुनी छोटी यंत्रं काढून त्याच जागी मोठी बसवण्याचं धोरण २०१६ मध्ये आणलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुधारून पुन्हा आणलं. त्यात २ मेगावॅटखालची यंत्रं येतात, आणि देशभरात अशी २५ हजार मेगावॅटहून जास्त क्षमता बदलण्याजोगी आहे असा राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. वारा जिथे सर्वांत चांगला तिथे सर्वांत जुनी यंत्रं बसलीत, तेव्हा धोरण शहाणपणाचंच आहे. पंखा उतरला की मनोऱ्याचं पोलाद, जनित्रातलं तांबं, गिअरबॉक्स यांना गिऱ्हाईक रांग लावून येतं. वजनाच्या ८५ ते ९० टक्के माल असा मार्गी लागतो. पात्याला मात्र कुणी हात लावत नाही.

अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या कॅस्परला पाती कापून शेजारीशेजारी पुरली, आणि तो फोटो २०२० साली जगभर फिरला. केंब्रिजच्या दोन संशोधकांनी २०१७ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे २०५० पर्यंत जगात पात्यांचा ४ कोटी ३० लाख टन कचरा साचेल. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१६ साली फायबरसारख्या न वितळणाऱ्या प्लास्टिकबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांचा कल सिमेंटच्या भट्टीकडे आहे. तुकडे करून भट्टीत टाकले की रेझिन कोळशाच्या जागी जळतं आणि काचेतली वाळू सिमेंटच्या अंगी लागते. वाया काही जात नाही, पण काचेच्या एका उत्तम तंतूचं आपण सिमेंटमधलं चिमूटभर पीठ करतो. शिवाय भट्ट्या कुठे? चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरकडे, नाहीतर सीमेपलीकडे कलबुर्गीतल्या वाडी-मळखेडला. पात्याला साताऱ्याच्या सड्यावरून तिथवर न्यायचं म्हणजे आधी ते कापा, मग भरा, मग डिझेल जाळा.

म्हणून मग कुणीतरी म्हणतंच: काच आणि खनिज तेल सोडा, पाती शेतातून आलेल्या मालाची करा. तागाची, जवसाच्या धाग्याची, बांबूची. रेझिनही वनस्पतीचं.

ऐकायला छान वाटतं. इथे मराठीनं एक घोळ करून ठेवलाय. जैवाधारित आणि जैवविघटनशील या दोन शब्दांचं तोंड एकच आहे, म्हणून ऐकणारा दोन्हींचा अर्थ एकच धरतो. जैवाधारित म्हणजे माल झाडातून आला. जैवविघटनशील म्हणजे माल मातीत जाईल. पहिल्यावरून दुसरं ठरत नाही. वनस्पतीच्या तेलातून केलेलं इपॉक्सी आणि खनिज तेलातून केलेलं इपॉक्सी घट्ट झाल्यावर सारखीच हट्टी असतात. आणि खरं सांगायचं तर मातीत जाणारं पातं कुणाला हवंय? चाळकेवाडीच्या सड्यावर २५ पावसाळे काढायचेत त्याला.

आधी धाग्यांचं पाहू. जवस आपल्याला चटणीमुळे माहीत. विदर्भात ती तेलासाठी पेरतात. तिच्याच उंच वाणापासून फ्रान्स-बेल्जियमकडे धागा काढतात, आणि काचेची जागा घेण्यासाठी सर्वांत जास्त अभ्यास याच धाग्याचा झालाय. घनता काचेच्या जेमतेम ६० टक्के. ताठपणा काचेच्या जवळपास जातो, ताकद मात्र कमी पडते. मिशिगन स्टेट विद्यापीठातले सतीश जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली एक निबंध लिहिला. नैसर्गिक धाग्यांचा माल पर्यावरणाला खरंच काचेच्या मालापेक्षा बरा आहे का, असा प्रश्नच त्याच्या शीर्षकात होता. त्यातला आकडा आजही सगळे देतात: एक किलो काचेची मॅट करायला ५४.७ मेगाज्यूल ऊर्जा, जवसाच्या मॅटला ९.५५. काच वितळवायला १,४०० अंशांच्या आसपासची भट्टी लागते, जवसाला ऊन लागतं. तेव्हा फरक पटण्यासारखा आहे. उत्तर त्यांनी बहुतांशी 'हो' असंच दिलं, पण पोटातल्या दोन गोष्टी आकड्याइतक्या पुढे आल्या नाहीत. एक, शेत म्हटलं की खत आलं. नायट्रेट आणि फॉस्फेट वाहून पाण्यात जातं आणि त्या रकान्यात नैसर्गिक धागा काचेच्या मागे पडतो. दुसरी, मोटारीच्या भागांत जो मोठा फायदा दिसतो तो गाडी हलकी होऊन पेट्रोल वाचल्यामुळे. आता पंखा काही पेट्रोल पीत नाही. हलकं पातं मनोऱ्याला सोपं जातं हे खरं, पण मोटारीचा फायदा पात्याच्या खात्यावर लिहायचा नाही, एवढं भान हवं.

नॉटिंगहॅम विद्यापीठात २०१३ च्या सुमारास प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं: ११ किलोवॅटच्या छोट्या यंत्रासाठी साडेतीन मीटरचं पातं, एक काचेचं, एक जवसाचं. जवसाचं १० टक्के हलकं भरलं. भार लावल्यावर जास्त वाकलं, पण टिकलं. हे चांगलंच आहे. एखाद्या शाळेच्या किंवा शेतघराच्या पंख्याला असं पातं उद्या बसवता येईल. पण साडेतीन मीटर आणि ७० मीटर यांत नुसता वीसपटीचा फरक नाही. लांबी दुप्पट झाली की वजन जवळपास आठपट होऊ पाहतं, आणि वाकणारं टोक एका मर्यादेपुढे मनोऱ्यालाच जाऊन आदळेल.

आणि मग पाऊस.

आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लागेनासं होतं. दरवर्षी. खांदा लावून ढकलायचं, आणि उघडायचं तर कडी धरून हिसडा द्यायचा. सुतार येतो, रंधा मारून देतो, आणि दिवाळीत त्याच दाराला बोटभर फट पडते. बाल्कनीत सुतळी बांधली तर पावसात ती ताणून तंबोऱ्याच्या तारेसारखी होते आणि उन्हात पुन्हा लोंबते. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. लाकूड, ताग, जवस, अंबाडी, घायपात, काथ्या, सगळ्यांचा पिंड सेल्युलोजचा, आणि सेल्युलोजच्या रेणूला पाण्याची ओढ. रेझिन पाण्यापासून दूर पळणारं. दोघांना एकत्र बांधायचं म्हणजे मुळातच न पटणाऱ्या दोघांचं लग्न. धागा पाणी पिऊन फुगतो, रेझिन फुगत नाही, दोघांच्या मधल्या शिवणीत बारीक भेगा पडतात, भेगांतून आणखी पाणी जातं. माझं दार वर्षातून एकदा फुगतं आणि एकदा आकसतं. पात्याला हे २५ वर्षं करायचंय, आणि तेही फिरता फिरता.

यावर उपाय आहेत. धागा आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात, म्हणजे वरची पातळ साल निघून रेझिन नीट धरतं. मग वेगळी रसायनं लावून पाण्याची ओढ कमी करतात. वर जाड लेप देतात. प्रत्येक उपाय चालतो आणि प्रत्येकाचं सांडपाणी निघतं. पनवेलकरांना सांडपाणी म्हणजे काय ते विचारायला नको. तळोज्याच्या अंगानं वाहणाऱ्या कासाडी नदीच्या काठावर दहा मिनिटं उभं राहिलं की पुरे. ९.५५ हा देखणा आकडा या धुण्यानंतर तेवढाच राहत नाही.

शिवाय पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगानं हवा कापतं. त्या वेगाला पावसाचा थेंब खड्यासारखा लागतो, आणि सह्याद्रीत तो चार महिने लागतो. त्यामुळे आत काच असो की जवस, कडेवरचं कवच पॉलीयुरेथेनचंच राहणार. तेच झिजतं, तेच कणाकणानं खाली पडतं.

रेझिनची गोष्ट मला जास्त आशेची वाटते, आणि ती आपल्या घराजवळची आहे. काजूच्या टरफलात एक दाट, जाळणारं तेल असतं. चंदगड-आजऱ्याच्या, सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यांत बिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची काळी पडलेली कातडी त्या तेलाची ओळख करून देते. त्यातून कार्डेनॉल नावाचा पदार्थ काढतात. तो गाड्यांच्या ब्रेकमध्ये फार पूर्वीपासून जातो. त्यापासून इपॉक्सीचे हार्डनरही होतात आणि ते दमट हवेतही नीट सुकतात, म्हणून जहाजांच्या रंगात वापरले जातात. इथे नवं शेत लागत नाही, खत लागत नाही, कुणाच्या ताटातलं काही जात नाही. टरफल तसंही पडून असतं. जैव मालात असा भेद करायला हवा. उरलेल्यातून आलेला एक, आणि मुद्दाम पेरून आणलेला दुसरा.

पण कार्डेनॉलचं इपॉक्सीही चकलीच. म्हणून मूळ प्रश्न सुटतो तो दुसऱ्या दिशेनं: पुन्हा सोडवता येईल असं रेझिन. पवनचक्क्या बनवणाऱ्या सीमेन्स गामेसा कंपनीनं २०२१ मध्ये अशी पहिली मोठी पाती दाखवली, आणि त्यांतलं रेझिन आदित्य बिर्ला समूहाचं आहे. सौम्य आम्लाच्या गरम पाण्यात ते सुटतं आणि काच, गाभा, रेझिन वेगवेगळे हातात येतात. मूळ खनिज तेलाचंच. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेनं 'सायन्स' नियतकालिकात आणखी एक रेझिन मांडलं, जे साखरेसारख्या वनस्पतिज मालातून करता येतं आणि मिथेनॉलमध्ये गरम केलं की सहा तासांत सुटतं. त्याचं नऊ मीटरचं पातं त्यांनी करून पाहिलंय. हे दोन्ही गुण एकत्र असलेलं उदाहरण. पण अजून नऊ मीटरचं.

तोवर निवड करायची झाली तर माझं मत स्पष्ट आहे. खनिज तेलाचं पण सुटणारं रेझिन, आणि झाडाचं पण न सुटणारं, यांत मी पहिलं घेईन. झाडातून आलं या एका पुण्याईवर पुढची शंभर वर्षं खड्ड्यात पडून राहायची मुभा कुणाला का द्यायची?

गंमत अशी की जैव माल पात्यांत आजही आहे, आणि त्यानं एक जंगल तोडलंय. पात्याच्या पोटात, दोन्ही पापुद्र्यांच्या मधे, बाल्सा नावाचं अतिशय हलकं लाकूड भरतात. जगातला बहुतेक बाल्सा एकट्या इक्वेडोरमधून येतो. २०१९-२० मध्ये, अनुदान संपण्याआधी पंखे उभारून घ्यायची चीनमध्ये घाई उडाली आणि बाल्साचे भाव भडकले. लागवडीतली झाडं पुरेनात, तेव्हा तोडणारे ॲमेझॉनच्या आत शिरले. पास्तासा नदीच्या बेटांवरचा, अचुआर आदिवासींच्या मुलखातला बाल्सा साफ झाला. त्यानंतर कारखानदार पीईटी फोमकडे वळले. पीईटी म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. काही फोम तर जुन्या बाटल्यांपासूनच करतात. म्हणजे लाकूड गेलं, प्लास्टिक आलं, आणि झाडं वाचली. पर्यावरणपूरक असा शिक्का मारायला बसलेल्या माणसानं आधी हा प्रसंग वाचावा.

लाकडाशी माझं भांडण नाही. पनवेलला बसून तसं करणं कृतघ्नपणाच होईल. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये पनवेलची ख्याती बैलगाडीच्या चाकांची आहे, घाट चढणाऱ्या गाड्यांना इथली लाकडी चाकं लागत. पंख्यांतही लाकूड नवं नाही. मिशिगनमधल्या गूजन बंधूंनी, मूळचे होड्या बांधणारे, १९७९ पासून लाकूड आणि इपॉक्सीची हजारो पाती केली. २०२४ मध्ये जर्मनीत ब्रॉयना गावी लाकडी थरांची १९.३ मीटरची पाती एका यंत्रावर चढली. चीननं बांबूची पाती करून पाहिली आहेत. आपल्या सिंधुदुर्गात माणगा बांबू होतो, जवळजवळ भरीव. टोमॅटो-द्राक्षांच्या मांडवाला तो घाटावर जातो. त्यातून छोटी पाती व्हावीत असं मला मनापासून वाटतं. फक्त दहा वर्षांत बदलावं लागणारं पातं आणि २५ वर्षं चालणारं पातं यांची तुलना किलोवर करू नये. अडीच वेळा करावं लागणारं स्वस्त पातं महागच.

प्रमाणही सुटू नये. जमिनीवरच्या पंख्याच्या एका युनिट विजेमागे, यंत्र घडवण्यापासून मोडण्यापर्यंत, साधारण ११ ग्रॅम कर्बवायू धरतात; कोळशाच्या युनिटमागे सुमारे ८२०. त्या ११ ग्रॅममधला मोठा वाटा मनोऱ्याच्या पोलादाचा आणि पायाच्या काँक्रीटचा. पातं कितीही हिरवं केलं तरी आपण ११ मधल्या एका तुकड्याशी खेळतोय. पात्याचा खरा प्रश्न हवेचा नाही, जागेचा आहे: संपल्यावर ते ठेवायचं कुठे?

आणि काही प्रश्न मालाचे नसतातच. चाळकेवाडीच्या सड्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी पंखे असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना केली. तो अभ्यास नोव्हेंबर २०१८ मध्ये छापून आला. पंख्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी. त्यामुळे गळ्याला निळ्या रंगाचा पंखा असलेले सरडे तिथे जास्त, निर्धास्त, माणूस अगदी जवळ आला तरी न पळणारे, आणि गर्दीमुळे हडकुळे. हा सरडा याच सड्यावरून २०१६ मध्ये नव्यानं नोंदवला गेला, आणि त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव मराठीवरूनच आहे: सरडा. वर फिरणारं पातं जवसाचं आहे की काचेचं, यानं त्या शिकारी पक्ष्यांना काही फरक पडत नाही.

गेल्या रविवारी भंगारवाला आला तेव्हा मी त्याला साताऱ्याच्या पात्यांबद्दल सांगितलं. आमच्या इमारतीपेक्षाही लांब असतात म्हटलं. त्यानं हातगाडी थांबवली आणि आत तांबं असतं का, एवढंच विचारलं. असतं, मी म्हटलं. वीज पडली तर ती जमिनीत उतरावी म्हणून टोकापासून बुडापर्यंत एक तार असते, कुठे तांब्याची, कुठे ॲल्युमिनियमची. तेवढी तार काढून देतील का, असं त्यानं विचारलं. ते मला ठाऊक नव्हतं. मग त्यानं कूलरची जुनी मोटर गाडीत टाकली, आणि पत्र्याला अंग लागू नये म्हणून वळसा घालून फाटकाकडे गेला.